गाव : अभ्यासविषय की अभ्यासक?

ग्रामीण प्रश्नांचे संशोधन म्हटले की प्रश्नावली घेऊन गावी जाणे, रकाने भरणे आणि परतणे, एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. त्यात गावकरी केवळ उत्तरे देणारा ठरतो. याहून वेगळी वाट गडचिरोली जिल्ह्यात दिसते.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ पासून तेथे नवजात बालकांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. बहुतेक बाळंतपणे तेव्हा घरीच होत. म्हणून मृत्यूचे कारण घरातच शोधणे भाग होते. १९९५ पासून ३९ गावांतील स्थानिक स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्यांनी बाळांचे वजन केले, श्वास मोजले, नोंदी ठेवल्या व उपचारही दिले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने तेथील नवजात-मृत्युदर तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

डोंगरकड्याच्या शिवारातील विहिरींचा अभ्यास करावयाचा, तर वर्षभर पाण्याची पातळी कोण मोजणार? अर्थात विहिरीवरचा शेतकरीच! मग प्रश्न ठरवितानाच त्याला विचारावे, मोजमाप शिकवावे, त्याच्या श्रमाचे मोल द्यावे आणि निष्कर्ष प्रथम चावडीवर वाचावेत. नुसती माहिती गोळा करून घेणे ही भागीदारी नव्हे.