फाईल न उचलता फाईल वाचणे

भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. समजा, तेथील एका कारखान्यात कोणत्या मागावर रोज किती मीटर कापड विणले गेले, याच्या १ लाख नोंदी एका फाईलमध्ये संगणकाच्या तबकडीवर ठेवल्या आहेत. प्रत्येक नोंद ६४ बाइटांची. त्यांतील १००० वी नोंद पाहायची, तर ती कशी मिळेल?

नेहमीच्या रीतीने आज्ञावली फाईलमधला हवा तो भाग मागते. कार्यप्रणाली तो तबकडीवरून आधी स्वतःच्या जागेत आणते आणि मग त्याची नक्कल आज्ञावलीला देते. एकाच मजकुराच्या स्मृतीत दोन प्रती होतात!

दुसरी युक्ती अशी : फाईल आधी आणायचीच नाही, तिच्या पानांना स्मृतीतले पत्ते तेवढे देऊन ठेवायचे. याला फाईलचे स्मृती-आरेखन म्हणता येईल. अनेक संगणकांत एक पान ४०९६ बाइटांचे असते, म्हणजे त्यात आपल्या ६४ नोंदी मावतात. पहिल्या १५ पानांत ९६० नोंदी झाल्या. तेव्हा १००० वी नोंद १६ व्या पानावर. आज्ञावली त्या पत्त्यावर वाचू लागते. पान स्मृतीत नसेल, तर संगणक तिला क्षणभर थांबवतो, कार्यप्रणाली ते पान आणते आणि आज्ञावली थांबली होती तेथूनच पुढे चालू लागते. मध्ये काही घडले, हे तिला कळतही नाही.

या पाना-पानाच्या कल्पनेचे मूळ इंग्लंडमधील मँचेस्टर या कापडासाठीच प्रसिद्ध असलेल्या शहरात आहे. तेथे १९६२ साली सुरू झालेल्या 'ॲटलस' संगणकाची मुख्य स्मृती अवघी १६,३८४ शब्दांची होती. परंतु फिरत्या चुंबकीय दंडगोलावरून ५१२ शब्दांचे एकेक पान ने-आण करून तो ती कितीतरी मोठी भासवीत असे.

मात्र एक सावधगिरी हवी. नोंद दुरुस्त केली, की बदल प्रथम स्मृतीतल्या पानावर होतो. तबकडीवर तो सवडीने उतरतो. तेवढ्यात वीज गेली, तर दुरुस्ती पुसली जाते आणि मीटरवर मजुरी मिळवणाऱ्या कामगाराच्या नावावर जुनाच आकडा राहतो. म्हणून अशा नोंदीनंतर 'आताच तबकडीवर उतरव' ही आज्ञा आज्ञावलीत आवर्जून लिहावी लागते.

आता तुम्ही सांगा : २००० वी नोंद कितव्या पानावर असेल? (उत्तर : ३२ व्या.)