कारागिराला द्यायचे हत्यार कसे निवडावे?



जव्हार-मोखाडा भागात बोहाड्याचे मुखवटे लाकडात कोरण्याची जुनी परंपरा आहे. आता पुष्कळ मुखवटे कागदाच्या लगद्याचे होतात, तरी लाकूड कोरणारे हात अजून आहेत. भातकापणी झाली की या भागातली अनेक कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. गावातच कोरीव काम मिळाले तर एखाद्या घराची ती वाट टळू शकते. म्हणूनच काही मंडळ्या मला विचारतात, “ताई, हत्यारांची पेटी पाठवू का?” हा पाठ त्यांच्यासाठी आहे.

प्रथम निर्गमचा 31वा अध्याय वाचा. निवासमंडपाच्या कामासाठी देव बसालेलाला नाव घेऊन निवडतो. देवाच्या आत्म्याने मिळालेल्या त्याच्या कौशल्यांत लाकडाचे कोरीव कामही आहे. मग उपदेशकातील 10व्या अध्यायाचे 10वे वचन पाहा. हत्यार बोथट असेल आणि त्याला धार लावली नाही, तर अधिक जोर लावावा लागतो, असा त्याचा भाव आहे. कोरणाऱ्याला हे वचन समजावून सांगावे लागत नाही. जोर वाढला की पटाशी निसटते आणि दुसऱ्या हातात शिरते. धारदार हत्यारापेक्षा बोथट हत्यारच जास्त जखमा करते.

आमच्या वर्गात एकदा बारा नगांची चकचकीत पेटी देणगी म्हणून आली होती. दोन दिवसांत पटाश्यांची धार मुडपली. एक मुलगा म्हणाला, “ताई, माझ्या हातातच कला नाही.” त्याला दुसरी, चांगल्या पोलादाची पटाशी दिली. त्याच फळीवर लाकडाची सलग सोलपटे निघू लागली. हलके हत्यार गरिबाला स्वतःबद्दल खोटे सांगते, म्हणून त्याची निवड हा आपल्या सेवेचाच भाग आहे.

निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

1. पोलाद : पाते जास्त कार्बनच्या, पाणी दिलेल्या पोलादाचे हवे. दुकानदाराला विचारून पात्याच्या कडेवर, टोकाजवळ, बारीक कानस हलकेच फिरवा. कानस सहज कापत गेली तर पोलाद मऊ आहे. चकाकीवरून काहीच कळत नाही.

2. पात्याची घडण : सपाट पटाशीची पाठ अगदी सपाट असावी. गोल पटाशीची जाडी दोन्ही बाजूंना सारखी असावी, नाहीतर धार वाकडी लागते. कोरीव कामाला धारेचा कोन साधारण 20 ते 25 अंश ठेवतात. सावरीसारख्या मऊ लाकडाला तो थोडा कमी चालतो, तर शिसवीसारख्या कठीण लाकडाला थोडा जास्त लागतो.

3. मूठ : पटाशी डोळ्यासमोर आडवी धरून पाहा. पाते आणि मूठ एका रेषेत हवेत. मोगरीने ठोकायच्या पटाशीच्या मुठीला धातूचे कडे असावे, म्हणजे मूठ चिरत नाही. अष्टकोनी मूठ बाकावरून घरंगळत नाही.

4. संख्या : नवशिक्याला बारा हत्यारे लागत नाहीत. एक सपाट पटाशी, एक उथळ आणि एक खोल गोल पटाशी, बारीक रेषांसाठी एक व्ही आकाराची पटाशी आणि एक लाकडी मोगरी एवढ्यावर मुखवट्याचे नाक-डोळे उभे राहतात. ओबडधोबड तासणीसाठी वाकस बहुधा घरी असतोच.

5. धारेचा दगड : तो नसेल तर बाकीचे सगळे व्यर्थ आहे. एक बाजू जाड व एक बारीक असलेला दगड आणि शेवटी फिरवायला चामड्याचा पट्टा द्यावा. ग्राइंडरवर घाईने धार लावू नये. पाते तापून निळे पडले की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला.

गावच्या लोहारालाही विसरू नका. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून तो चांगले हत्यार घडवू शकतो. मात्र पाणी दिल्यावर पाते पुन्हा बेताने तापवावे लागते, नाहीतर ते काचेसारखे तुटते. ही कला ज्याच्या हाती आहे, त्याच्याकडून हत्यार घेतले तर एका देणगीत दोन घरांची चूल पेटते. शिवाय मूठ सैल झाली किंवा पाते तुटले, तर दुरुस्ती गावातच होते.

म्हणून माझी विनंती अशी : पेटी विकत घेण्याआधी कोरणाऱ्यालाच विचारा, कोणते लाकूड, कोणते काम, आणि हात डावा की उजवा. तेवढ्याच पैशांत चार चांगली हत्यारे आणि एक दगड पाठवा. सोबत पकड किंवा शिकंजा देता आला तर फारच उत्तम. लाकूड त्यात आवळले की दोन्ही हात धारेच्या मागे राहतात.

मंडळीत चर्चेसाठी :
• बसालेलाचे कौशल्य देवाचे दान होते, तर आपल्या गावातील कारागिराकडे आपण कसे पाहतो?
• आपण देतो ती वस्तू घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे, की फक्त आपल्याला देण्याचे समाधान देणारी?
• आपल्या मंडळीत सुतार किंवा लोहार आहे का? वर्षातून एक दिवस तो मुलांना धार लावायला शिकवील का?