काळोखांतील पोवळें

पोवळें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अंगठींतील तांबडा खडा उभा राहतो. लक्षद्वीपसारख्या पोवळ्यांच्या बेटांची माहितीही भूगोलाच्या पुस्तकांत आपण वाचतों. अशीं बेटें बांधणारे प्राणी उथळ, ऊबदार व सूर्यप्रकाशानें उजळलेल्या पाण्यांत राहतात. त्यांच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वस्तीस असतें. तें प्रकाशाच्या साहाय्यानें अन्न तयार करतें व त्याचा मोठा वांटा आपल्या यजमानास देतें. परंतु जेथें सूर्याचा किरण पोहोंचत नाहीं, अशा थंड व काळोख्या पाण्यांतही पोवळ्यांचीं वनें आहेत. त्यांतील एक प्रमुख प्राणी लॉफेलिया पर्टुसा हा होय. त्याची ओळख या लेखांत करून द्यावयाची आहे.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं या प्राण्याची नोंद केली. पुढें १७६८ सालीं त्रोन्धेमचे बिशप व निसर्गशास्त्रज्ञ गुन्नेरस यांनीं नॉर्वेच्या पोवळ्यांविषयीं निबंध लिहिला. २०१६ सालीं शास्त्रज्ञांनीं या प्राण्यास डेस्मोफायलम पर्टुसम असें नवें नांव दिलें. तथापि जुनें नांव अजून प्रचारांत आहे.

आतां त्याची शरीररचना पाहूं. एकेका प्राण्याचें शरीर म्हणजे एक मऊ पिशवीच होय. तिच्या वरच्या टोंकास मध्यभागीं तोंड व त्याभोंवतीं स्पर्शिकांचें कडें असतें. या स्पर्शिकांवर दंशपेशी असतात. पाण्याबरोबर वाहत आलेला सूक्ष्म जीव स्पर्शिकेस लागला कीं दंशपेशींतून विषारी धागा सुटतो, सावज बधिर होतें, आणि स्पर्शिका त्यास तोंडाकडे नेतात. अन्न आंत जाण्याचा व टाकाऊ भाग बाहेर पडण्याचा मार्ग एकच. मेंदू, हृदय अथवा डोळे यांपैकीं कांहींच या प्राण्यास नाहीं.

या मऊ शरीराखालीं चुन्याचा एक लहानसा पेला असतो. त्याचें तोंड सुमारें १ सेंटिमीटर रुंद असून, त्याच्या आंत कडेपासून मध्याकडे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें, चुन्याचे पातळ पडदे गेलेले असतात. समुद्राच्या पाण्यांत विरघळलेलीं द्रव्यें घेऊन प्राणी हा पेला स्वतः घडवितो. पेल्याच्या कडेस नवा अंकुर फुटतो, त्याचा नवा पेला होतो, आणि असें होतां होतां पांढरें किंवा नारिंगी झुडूप तयार होतें. दोन फांद्या एकमेकींस टेकल्या कीं त्या चुन्यानें जुळून जातात. खालचे प्राणी मरतात, पण त्यांचे पेले राहतात. त्यांवर पुढच्या पिढ्या उभ्या असतात.

हा प्राणी बहुधा २०० ते १,००० मीटर खोलींवर, ४ ते १२ अंश सेंटिग्रेड उष्णतामानाच्या पाण्यांत राहतो. शैवालाचा आधार नसल्यामुळें त्याचें सर्व पोषण वाहत्या पाण्यावर अवलंबून असतें. म्हणून जेथें प्रवाह जोराचा व तळ कठीण, तेथेंच तो वस्ती करतो. मागील हिमयुगांत हिमनगांनीं नॉर्वेजवळचा समुद्रतळ नांगरल्याप्रमाणें खणला; त्या चरांच्या कडेस उघड्या पडलेल्या दगडगोट्यांवर पुढें या पोवळ्यांनीं मूळ धरलें.

१८४३ सालीं एडवर्ड फोर्ब्स या ब्रिटिश शास्त्रज्ञानें असें अनुमान मांडलें होतें कीं, ३०० वांवांखालीं, म्हणजे सुमारें ५५० मीटरांखालीं, समुद्रांत जीवसृष्टि नसावी. परंतु १८६० सालीं सार्डिनिया व आफ्रिका यांमधील तारायंत्राची तुटलेली तार त्याहून पुष्कळ खोल तळावरून वर काढली, तेव्हां तिला पोवळ्यांच्या जातीचे प्राणी चिकटलेले आढळले. २००२ सालीं तर नॉर्वेच्या लोफोतेन बेटांच्या पश्चिमेस, ३०० ते ४०० मीटर खोलींवर, लॉफेलियाचा सुमारें ३५ किलोमीटर लांबीचा बांध सांपडला. त्यास रोस्ट बांध म्हणतात.

अशा बांधांच्या आश्रयानें असंख्य जीव राहतात. ईशान्य अटलांटिकमधील या वस्त्यांतून १,३०० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांत युनिस नांवाचा एक किडा आहे. तो फांद्यांमध्यें आपली नळी बांधतो, आणि पोवळें तिच्यावर चुन्याचा लेप चढवितें. किड्यास घर मिळतें व बांधास बळकटी येते.

लॉफेलियाची फांदी वर्षास ५ ते २५ मिलिमीटर वाढते. म्हणजे एक मीटर वाढण्यास ४० ते २०० वर्षें लागतात! नॉर्वेचे कांहीं बांध ८,००० वर्षांहून जुने आहेत. आणि समुद्राच्या तळावरून ओढलेलें अवजड जाळें हें सर्व एका फेरींत चिरडून टाकतें. नॉर्वेंतील निम्म्यापर्यंत बांधांस अशी इजा पोहोंचली असावी, असा अंदाज २००२ सालीं प्रसिद्ध झाला. नॉर्वे सरकारनें १९९९ सालीं सुला बांधावर व २००३ सालीं रोस्ट बांधावर अशीं जाळीं ओढण्यास मनाई केली. परंतु दुसरें एक संकट मनाईनें टळणारें नाहीं. हवेंतील वाढता कार्बन डायऑक्साइड समुद्रांत विरघळून पाण्यास आम्लतेकडे झुकवितो, व त्यामुळें चुना विरघळूं लागतो. जिवंत पेल्यांवर मांसाचें आवरण असतें. खालचे मृत पेले उघडे असतात, म्हणून झीज प्रथम त्यांस लागते. वरचे प्राणी जिवंत असतांच त्यांच्या पायांखालील इमारत ढांसळूं शकते.

यास्तव वरचे जिवंत प्राणी तेवढे राखून भागत नाहीं. पूर्वींच्या पिढ्यांनीं मागें ठेवलेला पायाही तितक्याच काळजीनें राखला पाहिजे. कारण तो एकदां गेला, तर पुन्हां उभारण्यास हजारों वर्षें लागतील.