राजीनाम्याआधी

चि. मुक्ता हिस,


काल तुझ्या बाबांचा फोन आला. तू राजीनामा द्यायचं म्हणतेस आणि घरात दोन तट पडलेत, असं कळलं. एकाला तुझ्यात चिकाटी कमी दिसते, दुसऱ्याला नोकरीच वाईट वाटते. मला दोन्ही निकाल घाईचे वाटतात.

तू टेस्टिंगला होतीस तेव्हा एखादा बग सापडला की रात्री मला फोन करून सांगायचीस. त्यातलं निम्मंही मला कळत नसे, पण तुझा उत्साह कळायचा. सपोर्टला गेल्यापासून तो ऐकू येत नाही. मग बिनसलंय ते नेमकं कशाशी? कंपनीशी, कामाशी, की दिवसभर हेडफोन लावून चिडलेल्या माणसांशी बोलण्याशी? याचा उलगडा न करता सोडलंस, तर पुढच्या ठिकाणीही हेच सगळं वाट्याला येईल.

आमच्या शाखेत एक गृहस्थ होते. काउंटरवर गर्दी झाली की त्यांचे हात थरथरायचे, ग्राहकांशी खटके उडायचे, संध्याकाळी कॅश टॅली व्हायची नाही. सगळ्यांनी त्यांना कामचुकार ठरवून टाकलं होतं. नव्या साहेबांनी त्यांना आतल्या खोलीत जुन्या, न जुळलेल्या नोंदी लावायला बसवलं. हातात लाल पेन्सिल, पुढ्यात व्हाउचरांचे गठ्ठे. डबा खायचंही त्यांना भान राहत नसे. बँक तीच, पगार तोच, फक्त बसायची जागा आणि कामाची तऱ्हा बदलली. शाखेतली सगळ्यांत किचकट जुळवणी पुढे त्यांच्याकडेच जाऊ लागली.

तुला पक्ष्यांचं वेड आहे, म्हणून सालिम अलींचं सांगते. तरुणपणी ते घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात तावॉयला गेले. वुल्फ्रॅमच्या खाणी आणि लाकूड असा तो व्यवसाय. त्यांचं मन रमलं ते भोवतीच्या रानातल्या पक्ष्यांत. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये नोकरी लागली, पुढे बर्लिनला जाऊन शिकले, आणि १९३० मध्ये परतले तर पैशांअभावी ते पदच रद्द झालेलं. मग अलिबागजवळ किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्यांचा अभ्यास केला. नर अर्धं घरटं विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि नर पुढचं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी तिथे तासन्‌तास बसून टिपलं. त्या माणसाला अखेर आपलं काम आणि आपली जागा एकत्र मिळाली. मात्र तेव्हा हाती पगार नव्हता, आणि पत्नी तहमीना यांची भक्कम साथ होती, हेही विसरू नकोस. तुझ्यामागे फ्लॅटचा हप्ता आहे.

तेव्हा पंधरा दिवस वहीत लिहून ठेव: कुठल्या कामात वेळ कसा गेला कळलं नाही, आणि कुठल्या कामाआधी पोटात गोळा आला. मग मॅनेजरकडे टीम बदलून माग, आणि तोंडी बोलून थांबू नकोस, मेलही कर. तुझ्या टेस्टिंगच्या कामाचे दाखले त्यात दे. नाहीच म्हणाले, तर बाहेर खुशाल बघ. पण मुलाखतीत पॅकेजआधी विचार की दिवसातून किती कॉल घ्यावे लागतात, काम कोण तपासतं, आणि आधीच्या माणसाने ती जागा का सोडली. हे विचारायला लाजू नकोस.

वही घेऊन रविवारी ये. आपण दोघी बसून वाचू.

तुझी,
आत्या