विमा नसलेल्या गाडीचा अपघात आणि भरपाईचा हक्क

आपल्या संघाच्या स्मरणिकेत बाजारभाव, हंगाम आणि करआकारणी यांवर दरवर्षी उपयुक्त लेख येतात. यंदा मी एक निराळा विषय सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवीत आहे. मी कायद्याचा पंडित नव्हे. मॅट्रिक होऊन वडिलांच्या गादीवर बसलो आणि धान्याच्या ठोक व्यापारात केस पिकवले. परंतु एका प्रसंगाने मला हा विषय शिकणे भाग पाडले.

२०१६ च्या जानेवारीत, तुरीच्या ऐन हंगामात, आमच्या पेढीचे मुनीम जैनथकडील वसुली आटोपून दुचाकीवरून आदिलाबादेस परत येत होते. मागून आलेल्या एका मालवाहू पिकअप गाडीने त्यांना धडक दिली. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्यात कायमचा ताठ झाला. चौकशीअंती कळले की त्या गाडीच्या विम्याची मुदत अपघाताच्या एकेचाळीस दिवस आधीच संपली होती. मालक लहान शेतकरी, गाडी कर्जाची. अटकावून ठेवलेली गाडी त्यास परत मिळाली आणि थोड्याच महिन्यांत विकलीही गेली. सुमारे तीन वर्षांनी निवाडा मुनीमजींच्या बाजूने लागला. व्याजासह साडेसहा लाख रुपये मंजूर झाले. आजवर हाती आले ते एक लाख ऐंशी हजार, तेही हप्त्याहप्त्याने. निवाड्याची नक्कल घेऊन मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्यांच्या पत्नीने विचारले, "शेटजी, कागद मोठा आहे खरा, पण यावर मुलांची फी भरता येईल का?" मजजवळ उत्तर नव्हते.

आपण व्यापारी आहोत. खातेवहीत रक्कम कुणाच्या नावे लिहिली म्हणजे ती गल्ल्यात आली असे होत नाही, हे आपणांस सांगावयास नको. अपघाताच्या भरपाईचेही तसेच आहे. हक्क मिळणे ही एक गोष्ट आणि वसुली होणे ही दुसरी. या दोहोंमधील पूल म्हणजे विमा.

भरपाई कोण देतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ विमा असणे सक्तीचे आहे. त्रयस्थ म्हणजे गाडीचा मालक व विमा कंपनी यांखेरीज तिसरा मनुष्य. त्यास मृत्यू वा इजा झाल्यास प्राधिकरण ठरवील ती संपूर्ण रक्कम विमा कंपनीने द्यावयाची असते. तीस कमाल मर्यादा नाही. चालकाचा परवाना सदोष असला, तरी कंपनीने जखमी माणसास आधी पैसे द्यावे व मग मालकाकडून वसूल करावे, असे धोरण सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. परंतु विमापत्रच नसेल, तर आधी देणारा कोणी उरत नाही. सारा भार मालकावर व चालकावर येतो, आणि त्यांची ऐपत तेवढीच आपली वसुली.

मालाच्या नुकसानीची गोष्ट आणखी वेगळी. परक्याच्या मालमत्तेबाबत मोटारगाडी व व्यापारी वाहन यांच्या विम्यात साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असते. पण हप्ता थोडा वाचावा म्हणून मालकास ते केवळ सहा हजारांवर आणता येते. अशा गाडीच्या धडकेने आपला टेंपो उलटून तीन लाखांची डाळ मातीत गेली, तर विमा कंपनी देणार सहा हजार. उरलेले दोन लाख चौऱ्याण्णव हजार त्या मालकाकडे मागत बसावयाचे. विमा असूनही अपुरा असतो, तो असा. यास्तव मार्गस्थ मालाचा विमा आपण स्वतंत्र उतरवावा, हे उत्तम.

रक्कम कशी ठरते?

२००९ चा सरला वर्मा खटला व २०१७ चा प्रणय सेठी खटला यांतून सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाची पद्धत घालून दिली आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा, ठरावीक पगाराचा नोकर अपघातात वारला. पगार मासिक १५,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले व आई.

वार्षिक उत्पन्न १,८०,०००. वय चाळिशीच्या आत म्हणून पुढील वाढीचे ४० टक्के मिळवले : २,५२,०००. आश्रित चार म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला : १,८९,०००. ३६ ते ४० या वयास गुणक १५. एकूण २८,३५,००० रुपये. शिवाय अंत्यविधी, वारसाहक्काची हानी व सहवासाची हानी यांच्या ठरावीक रकमा निराळ्या.

जखमी मनुष्याच्या बाबतीत केवळ डॉक्टरांनी लिहिलेली टक्केवारी पाहत नाहीत. त्या व्यंगाने कमाई किती बुडाली हे पाहतात. पाय ताठ झालेला मुनीम गादीवर बसून जमाखर्च लिहू शकेल. तोच पाय हमालाचा असेल तर पोते पुन्हा पाठीवर येणार नाही. सबब कामाचे स्वरूप व पगार यांचा लेखी पुरावा फार मोलाचा. नोकरांचा पगार बँकेतून किंवा सही घेऊन देत जा. मुनीमजींच्या दाव्यात आमचे पगारपुस्तकच कामी आले.

प्रसंग आल्यास काय करावे?

पहिले, जखमीस तत्काळ रुग्णालयात न्यावे. मे २०२५ मध्ये लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणे नामनिर्देशित रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात.

दुसरे, प्रथम खबर, पंचनामा, गाडीचा क्रमांक व विम्याची स्थिती यांच्या नकला मिळवाव्या. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत पहिला अहवाल व ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाकडे पाठवावयाचा आहे.

तिसरे, आणि आमच्या हातून राहून गेले ते हे : गाडीस विमा नसेल, तर पुरेसे तारण घेतल्यावाचून ती सोडू नये, व मालकाने तारण न दिल्यास तिचा लिलाव करून पैसे प्राधिकरणात जमा करावे, असा नियम सर्व राज्यांनी करावा हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये फर्माविले. तसा लेखी अर्ज पहिल्याच आठवड्यात द्यावा.

चौथे, दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा. ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. तथापि शहाण्याने त्यावर विसंबू नये. अपघात पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याच्या वाटेवर झाला आणि गाडी परराज्यातील असली, तरी दावेदार जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथील प्राधिकरणात, म्हणजे आपणांस आदिलाबादेसही, दावा लावता येतो.

पाचवे, कुणाची चूक हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूस पाच लाख व गंभीर इजेस अडीच लाख मागता येतात. पण ती रक्कम स्वीकारल्यास मोठा दावा संपुष्टात येऊ शकतो. वकिलांस विचारल्यावाचून सही करू नये. धडक देऊन गाडी पळाली व तिचा पत्ताच लागला नाही, तर महसूल उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे अर्ज करून मृत्यूस दोन लाख व गंभीर इजेस पन्नास हजार मिळतात.

सहावे, निवाड्याची रक्कम मालक देत नसेल, तर कलम १७४ प्रमाणे प्राधिकरणाकडून दाखला घेऊन ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

आपल्या घरचे कागद

आता लेखाचा शेवटचा, पण मला सर्वांत अवघड भाग. मुनीमजींच्या घरून परतलो, त्या संध्याकाळी मी स्वतःच्या टेंपोचे कागद काढून पाहिले. विम्याची मुदत संपून बारा दिवस झाले होते. हंगामाच्या गर्दीत विसरलो, एवढेच माझे समर्थन. त्या शेतकऱ्याचेही तेच होते. त्या बारा दिवसांत आमचा टेंपो रोज बाजारपेठेत फिरला. कुणास धक्का लागला नाही, हे केवळ दैव.

म्हणून माझी विनंती अशी. मुदतीची तारीख दिवाळीच्या वहीपूजनावेळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. गाडी विकली की नाव ताबडतोब बदलून घ्यावे. नोंदणी ज्याच्या नावे, जबाबदारी त्याची, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरविले आहे. मालाच्या गाडीत लग्नाची वऱ्हाडी मंडळी बसवू नये. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा प्रतिनिधी यास विम्याचे संरक्षण आहे, फुकट बसलेल्या उतारूस नाही. आणि नोकरांच्या दुचाकींचे विमापत्रही आपण विचारून घ्यावे.

आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याची चाल आहे. डोळ्यांस न दिसणाऱ्या जिवाची जेथे एवढी काळजी, तेथे रस्त्याने चालणाऱ्या माणसाची काळजी एका विसरलेल्या कागदापायी उणी पडू नये. मुनीमजी आजही आमच्या गादीवर जमाखर्च लिहितात. टेंपोच्या विम्याची तारीख आता तेच सांभाळतात, आणि मुदतीच्या महिनाभर आधी ती चिठ्ठी न बोलता माझ्यासमोर ठेवतात.