बालहक्क आणि गोष्टीचे पुस्तक

प्रश्न : पाचवीच्या मुलांकडून बालहक्कांची कलमे पाठ करून घ्यावीत काय?
– एक शिक्षिका

उत्तर : संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली संमत केलेल्या व भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या बालहक्क संहितेची कलमे घोकविण्यापेक्षा, तेत्सुको कुरोयानागी यांच्या ‘तोत्तोचान’मधील, पहिल्या शाळेतून काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे नवे मुख्याध्यापक कोबायाशी तासन्‌तास ऐकतात तो प्रसंग सावकाश वाचून दाखवावा, आणि मगच ‘तुमचे म्हणणे कोण ऐकते?’ असा सवाल करावा. म्हणजे बाराव्या कलमात नमूद असलेला मतप्रदर्शनाचा हक्क मुलांना आपोआप उमगेल. उत्तरांना गुण मात्र देऊ नयेत. आणि एखाद्याने घरच्या मारहाणीचा उल्लेख केला, तर भर वर्गात चौकशी न करता त्याचे एकांतात ऐकून घ्यावे व १०९८ या मदत क्रमांकावर तातडीने कळवावे.