शुश्रूषेचा मूळ अर्थ

चि. सुमन हिस,

नर्सिंग महाविद्यालयात अध्यापिका म्हणून तू रुजू झालीस आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची परिचर्या हा विषय तुझ्याकडे सोपविण्यात आला, हे वाचून समाधान वाटले. परंतु ‘विद्यार्थ्यांना सहानुभूती शिकवायची तरी कशी?’ हा जो प्रश्न तू पत्राच्या अखेरीस केला आहेस, त्याचे उत्तर मला माझ्या उमेदवारीच्या काळात वॉर्डातील एका आयेकडून मिळाले, तेच तुला कळवीत आहे.

आमच्या वॉर्डात दाखल असलेली एक वृद्धा रोज तिन्हीसांजेला पदरात चार वस्तूंचे गाठोडे बांधी आणि ‘धारेची वेळ झाली, मला घरी जाऊ द्या’ म्हणत दरवाजाकडे निघे. हे रुग्णालय आहे, येथे गोठा नाही, तुमची गाय केव्हाच विकली गेली, असे मी तिला दप्तर उघडून दाखविणाऱ्या कारकुनाच्या तत्परतेने सांगितले. आणि ती वार्ता जणू प्रथमच कानी पडावी तसा तिने जो आक्रोश केला, तो मी आजही विसरू शकलेले नाही. कसूर सर्वस्वी माझी होती. दुसऱ्या सायंकाळी आयेने तिला बाकावर बसविले आणि विचारले, ‘नाव काय हो गाईचं?’ नाव निघाले, वासराचा रंग निघाला, दुधाचे माप निघाले, आणि दिवे लागेपर्यंत गाठोडे आपोआप सुटले. आया खोटे एक अक्षरही बोलली नव्हती. तिने केवळ विचारले आणि ऐकले.

स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेल्या अल्झायमर विकारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग आरंभीच ग्रासला जातो. त्यामुळे नवे टिकत नाही, जुने दीर्घकाळ शाबूत राहते, आणि अपमान कोणी केला हे विसरलेल्या माणसाच्या मनातही त्या अपमानाचा विषाद रेंगाळत राहतो. म्हणून रुग्णाच्या बोलण्याची उलटतपासणी न करता त्यामागील भावनेला उत्तर द्यावे. इंग्लंडातील ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात विकाराआधी व्यक्ती पाहण्याचा आग्रह धरला, आणि फसवणूक, घाई, बालकासारखी वागणूक व उपेक्षा यांनी रुग्णाचे माणूसपण कसे खच्ची होते, हे दाखवून दिले.

तेव्हा पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हातांत जाड मोजे घाल, चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन लाव, रेडिओ मोठ्याने सुरू ठेव आणि ‘लवकर, लवकर’ म्हणत त्यांना सदऱ्याची बटणे लावायला सांग. नंतर किती लागली हे न विचारता, त्या वेळी मनात काय आले ते विचार. प्रत्येकाने एका रुग्णाचे गाव, व्यवसाय, आवडते अन्न, दैवत आणि लोक त्यास कोणत्या नावाने हाक मारीत, याची एक पानभर कैफियत नातलगांकडून लिहून आणावी. ज्यांना सारा गाव ‘गुरुजी’ म्हणत असे, त्यांना वॉर्डातही कोणी एकेरी हाक मारू नये. मात्र सहानुभूती म्हणजे गोड बोलणे नव्हे, हेही बजाव: अस्वस्थता अकस्मात वाढली तर वेदना, तहान, बद्धकोष्ठ, मूत्रमार्गाचा संसर्ग यांचा शोध घेणे आणि डॉक्टरांना तात्काळ कळविणे, हीही सहानुभूतीच होय.

आणखी एक गोष्ट. चुकलेल्या विद्यार्थ्याला तू चारचौघांत झिडकारलेस, तर तो उद्या रुग्णाला झिडकारील. तुझी वागणूक हाच त्याचा पहिला पाठ आहे. आणि हा पाठ केवळ वॉर्डापुरता नाही. भारतात साठी ओलांडलेल्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा तुझ्या वर्गातील कित्येकांना असा रुग्ण वॉर्डाप्रमाणेच स्वतःच्या घरीही भेटेल.

आपल्या व्यवसायाला पूर्वजांनी शुश्रूषा हे नाव दिले, त्याचा संस्कृतातील मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. ती इच्छा तुझ्या विद्यार्थ्यांत जागी कर. बाकीचे पुस्तकात आहे.

तुझी,
आत्या